मंगलोरी कौलं: प्रोटेस्टंट श्रद्धेमुळे की गरजेपोटी?

कौलारू_घर:
जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने १९०४-०५ मध्ये मांडलं की कॅल्विनपंथी (कॅल्विनला मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती) लोक आपला धंदा देवाने नेमून दिलेलं काम मानायचे, नफा झाला तरी चैन करायची नाही, मग पैसा परत धंद्यातच, आणि त्यातून आधुनिक भांडवलशाहीची वृत्ती घडली. यावर कायम हॉलंड-इंग्लंडचीच उदाहरणं देतात. मी म्हणतो मंगलोरचं बासेल मिशन बघा, स्वित्झर्लंडच्या बासेल शहरातली प्रोटेस्टंट धर्मप्रचारक संस्था. १८३४ मध्ये आले, छापखाना काढला, माग टाकले आणि १८६५ ला प्लेब्स्ट नावाच्या मिशनऱ्याने कौलांचा कारखाना सुरू केला. कोकण-गोव्यात घरोघरी दिसणाऱ्या मंगलोरी कौलांची सुरुवात ती. पाद्री माणूस कारखाना का काढेल? कारण त्यांच्या लेखी आळस हे पाप. वेबर बरोबरच होता.

नेत्रावतीकाठ:
अजिबात पटलं नाही. मिशनकडे जाऊन ख्रिस्ती झाला की माणूस जातीबाहेर, घरच्यांनी तोडलेला, हातातलं काम गेलेलं. त्यात बरेच जण ताडी काढणारे बिल्लव, आणि ताडीचा धंदा मिशनला चालत नव्हता. मग त्यांना खायला घालणार कोण? म्हणून कारखाने. बाकी नेत्रावतीची आणि गुरुपूर नदीची माती, भट्टीला लाकूड, माल न्यायला बंदर, हे सगळं तिथे आयतं होतं. आणि मुख्य म्हणजे १८६८ मध्ये, फक्त तीन वर्षांत, अल्बुकर्क या मंगलोरी कॅथलिकाने पाणेमंगळूरला स्वतःचा कौलांचा कारखाना काढला. त्याला कॅल्विन कुठे लागला?

कौलारू_घर:
@नेत्रावतीकाठ गरज तर दुष्काळातही असते, म्हणून दानधर्म करणारे सगळे कारखाने काढत नाहीत ना! अन्नछत्र उघडून भागलं असतं, पण फुकट खाणं त्यांना मान्य नव्हतं, काम करूनच खायचं, ही श्रद्धाच झाली. आणि वेबर स्वतःच म्हणतो की एकदा गाडं चालू झालं की त्याला धर्माचा टेकू लागत नाही. अल्बुकर्कचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

शाळामास्तर:
दोघंही शाळा विसरताय. बायबल प्रत्येकाने स्वतः वाचायचं हा प्रोटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या ल्यूथरचा आग्रह, म्हणून प्रोटेस्टंट भागात शाळा वाढल्या. बेकर आणि व्योसमन या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये १९व्या शतकातल्या प्रशियाच्या (जर्मनीतलं तेव्हाचं राज्य) आकडेवारीवरून दाखवलं की साक्षरतेचा फरक हिशोबात धरला की प्रोटेस्टंट-कॅथलिक भागांतली आर्थिक तफावत बहुतेक नाहीशी होते. म्हणजे काटकसर वगैरे नाही, अक्षरओळख! बासेल मिशननेही शाळा आणि छापखाना कारखान्याच्या कितीतरी आधी काढले होते.

नेत्रावतीकाठ:
@शाळामास्तर हे मला बऱ्यापैकी पटतं. पण अक्षरओळखीने कौलं भाजली जात नाहीत, भांडवल लागतं. १८५९ ला बासेलमध्ये मिशनसाठी वेगळी ट्रेडिंग कंपनी काढली, तिथल्या पैसेवाल्या भागधारकांच्या पैशावर. आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मिशनची मालमत्ता ताब्यात घेतली, पाद्री गेले, तरी कौलं भाजली जातच राहिली.

भट्टीवाला:
माझा प्रश्न कामगाराबद्दल आहे. तुम्ही सगळे मालकाच्या श्रद्धेबद्दल बोलताय. ज्याला जातीने बाहेर टाकलंय त्याचा पगारही मिशनकडे आणि देऊळही मिशनचंच. तो वेळेवर कामावर येतोय ते देवासाठी की दुसरीकडे कोणी उभं करत नाही म्हणून, हे वेबरच्या मांडणीतून कळतं का? @कौलारू_घर याचं उत्तर द्या, मगच वेबर बरोबर म्हणा.