मदत हवी आहे : स्वतःच खटला लढवला, आता अपिलाचं काय?

नमस्कार मंडळी. फौजदारी वकिली करणाऱ्यांनी कृपया वाचावं.

माझ्या मावसभावाला सत्र न्यायालयानं भादंवि (भारतीय दंड विधान) कलम ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाच्या कलमाखाली सात वर्षांची शिक्षा सुनावली. वकिलाशी बिनसल्यावर त्यानं वकीलपत्र काढून घेतलं आणि पुढचे साक्षीदार स्वतःच तपासले. डॉक्टरांची उलटतपासणी तर जवळपास झालीच नाही.

कसाब खटल्याच्या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की, आरोपीला वकील न देता खटला चालवला तर तो दूषित ठरतो. अपवाद एवढाच, की त्यानं सगळं समजून, स्पष्ट शब्दांत वकील नाकारलेला असावा. भावाच्या खटल्याच्या रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत) फक्त ‘आरोपी स्वतः काम चालवणार’ एवढीच नोंद आहे. मोफत वकील मिळू शकतो हे त्याला सांगितल्याचा उल्लेख कुठेच नाही. एवढ्यावर फेरसुनावणी मागता येईल का? की उच्च न्यायालय ‘तूच नको म्हणालास’ म्हणून हा मुद्दा बाजूला सारेल? डॉक्टरांना पुन्हा बोलावून घेण्याचा अर्ज अपिलात करता येतो का?

अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे, त्यातले बरेच संपलेत. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा समितीचा वकील मिळतो, हे मी त्याला सांगतेय. तो मात्र अपीलही स्वतःच चालवायचं म्हणतो. मावशी रोज रडते. असा हट्ट धरलेल्या माणसाला तुम्ही कसं समजावता? शिक्षा स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यायचा ना?