एकांकिकेतला धक्का शेवटी ठेवायचा की मध्येच फोडायचा?

गावभागकरीण

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपची नवी एकांकिका सांगलीत तालमीत आहे आणि शेवटावरून आमच्यात सरळ दोन तट पडलेत. म्हणून इथे विचारतेय.

गोष्ट २०१९च्या महापुरातली. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, ते दिवस. गावभागातलं जुनं दुमजली घर, खालचा मजला पाण्यात. वर दोघे भाऊ, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले आप्पा. होडीची वाट बघतायत. धाकटा पुण्याला नोकरी करतो, त्याला घर विकून आप्पांना घेऊन जायचंय. थोरला घर सोडायला तयार नाही. रात्रभर बोलणं, भांडणं, मध्येच आप्पांचा ताप चढतो. सकाळी होडीवाला येतो आणि म्हणतो, "काल येऊन गेलो की, तुम्हीच नको म्हणाला." म्हणजे धाकट्याचा डोळा लागला होता तेव्हा थोरल्यानं होडी परत पाठवलेली असते. आप्पा एकदा घराबाहेर पडले की घर गेलंच, ही त्याची भीती.

आमचे दिग्दर्शक म्हणतात, हे प्रेक्षकाला मध्येच सांगून टाक. माझं म्हणणं, मग शेवटी उरतं काय? त्यात थोरल्याचं काम करणारा मुलगा म्हणतो, "मला रात्रभर हे माहीत आहे, मग मी चेहरा कसा ठेवायचा?" याचं उत्तर माझ्याकडे नाही. आणि एक काळजी वेगळीच आहे. समोर बसलेल्या कितीतरी जणांनी ते दिवस माडीवर काढलेत. त्यांच्यापुढे होडी परत पाठवणं ही नुसती गंमत म्हणून वापरली, तर ते मला माफ करणार नाहीत, आणि करूही नये.

पॉकेटबुकवाला (मिरज)

शेवटीच ठेवा. लोकांना धक्का हवा असतो आणि ते तो जपतातही. अगाथा ख्रिस्तीचं 'द माऊसट्रॅप' लंडनमध्ये १९५२ला सुरू झालं, तिथे प्रयोग संपल्यावर खुनी कोण हे बाहेर सांगू नका अशी प्रेक्षकांना विनंती करतात. हिचकॉकने १९६०ला 'सायको'च्या वेळी सिनेमा सुरू झाल्यावर कुणाला आत सोडू नका असा आग्रह धरला होता. आधीच सांगून टाकायचं तर मग लपवायची मेहनत घेतली कशाला?

विंगेतला माणूस

ताई, मी भावे नाट्यमंदिरात विंगेत उभा राहून पुष्कळ नाटकं बघितलीत. बाजूनं नाटक बघणाऱ्याला नट दिसतो तसा प्रेक्षकही दिसतो, त्यामुळे धक्का बसताना लोक काय करतात हे मला चांगलं ठाऊक आहे. लिहितो सविस्तर.

वरच्या भाऊंनी हिचकॉक काढला, पण त्याच हिचकॉकचं दुसरं म्हणणं जास्त उपयोगाचं आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे कुणालाच माहीत नसेल, तर तो फुटल्यावर पंधरा सेकंद दचकायला होतं. प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलाशी बसलेल्यांना नसेल, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. 'तो मी नव्हेच' १९६२चं. लखोबा लबाड आहे हे प्रेक्षकाला लवकरच कळतं, तरी कोर्टात तो निसटतो कसा हे बघायला लोक पुन्हा पुन्हा आले.

म्हणून मध्येच सांगा, असंही माझं म्हणणं नाही. माझी अडचण तुमच्या होडीवाल्याची आहे. रात्रभर जी माणसं आपण बघितली त्यांच्यातून काही उघडत नाही, आणि ज्याला कधी बघितलंच नाही असा माणूस शेवटच्या दोन मिनिटांत येऊन सांगून जातो. प्रेक्षक म्हणतो, बरं. थोरल्याकडे पुन्हा वळून बघायला त्याला वेळच मिळत नाही.

कादंबरीत लपवणं सोपं, निवेदकानं एखादा तास गाळला की झालं. सिनेमात कॅमेरा दुसरीकडे फिरवता येतो. रंगमंचावर सगळं उघड्यावर असतं. तेव्हा लपवायचं ते उघड्यावरच लपवा. पुरात लोक होड्यांना दिसावं म्हणून गॅलरीला कापड बांधत होते. धाकट्यानं आईचं जुनं तांबडं लुगडं बाहेर बांधलंय असं धरा. पडदा उघडतो तेव्हा ते लुगडं आत, माडीच्या दोरीवर वाळत पडलेलं आहे. पहिल्या मिनिटापासून, शेवटच्या रांगेलाही दिसेल असं. पुराच्या घरात ओले कपडे असायचेच, कुणी शंका घेणार नाही. मध्यावर धाकटा सहज विचारतो, "हे आत कुणी आणलं?" थोरला म्हणतो, "पावसात भिजत होतं." बास. इथे हुशार प्रेक्षकाच्या मनात पाल चुकचुकते, बाकीचे पुढे जातात. तुमचे दोन्ही तट खूश. शेवटी धाकट्यालाच ते उमगू दे.

त्या मुलाला सांगा, चेहरा लपवू नकोस. तो आप्पांच्या कपाळावरची घडी बदलतो तेव्हा प्रेक्षकाला वाटतं ताप बघून घाबरलाय, आणि पुढे कळतं की आपण काय करून बसलो म्हणून घाबरलाय. भीती एकच, ती खरीच दाखवायची.

आणि तुमच्या काळजीबद्दल. आपल्या हरिपूरच्या देवलांचं 'शारदा' (१८९९) घ्या. म्हाताऱ्याशी लागणारं पोरीचं लग्न ऐन मांडवात मोडतं, ते सगोत्र निघालं म्हणून. लोक सुटकेचा श्वास टाकतात, आणि घरी जाताना टोचायला लागतं की वय बघून कुणी मोडलं नाही, गोत्र बघून मोडलं. तुमच्या प्रेक्षकांनी पुरात घर सोडताना कुलूप लावलंय, मागे वळून बघितलंय. थोरल्याचा राग येता येता त्यातल्या कुणाला तरी त्याचं पटलं पाहिजे. ते जमलं तर गंमत म्हणून वापरलं असं कुणी म्हणणार नाही.

हरिपूर रोड

वरचं लुगडं फार आवडलं. फक्त होडीवाल्याला एवढं हाकलू नका. सोफोक्लिसच्या ग्रीक नाटकात इडिपस राजाकडे येणारा निरोप्याही बाहेरचाच. तो राजाची काळजी दूर करायला येतो आणि त्याच्याच बोलण्यातून सगळं उलटं होतं, ॲरिस्टॉटलने कलाटणीसाठी हाच दाखला दिलाय. होडीवाला तक्रार करायला नको, मायेनं येऊ दे: "काल तुम्ही नको म्हणाला, पण रात्रभर झोप लागली नाही, म्हणून परत आलो."

दुसरं, कळतं कधी यापेक्षा कुणाला कधी कळतं ते आधी ठरवा. कर्ण कोण हे महाभारत वाचणाऱ्याला आदिपर्वापासून ठाऊक. कर्णाला कृष्ण सांगतो ते उद्योगपर्वात. पांडवांना कुंती सांगते ते युद्ध संपल्यावर, जलांजलीच्या वेळी. आपल्याला सगळं माहीत असूनही धर्मराजाला कळतं तेव्हा पोटात खड्डा पडतोच. तुमच्यात तिसरा माणूस आप्पा आहे. आतल्या खोलीतून त्यांनी होडीची हाक ऐकली होती का?

गावभागकरीण

आप्पांचा विचार मी केलाच नव्हता, आणि आता तो डोक्यातून जात नाहीये. त्यांनी हाक ऐकली असेल आणि ते गप्प राहिले असतील, तर घर सोडायचं नाही हे त्यांचंही ठरलेलं. मग थोरला एकटा दोषी राहत नाही. आजच आप्पांना दोन वाक्यं लिहिते. लुगडं ठेवतेय, होडीवाला मायेनं येईल. दिग्दर्शकांना धागा वाचायला दिलाय.

विंगेतला माणूस

छान. आप्पांची वाक्यं तापातल्या बडबडीत मिसळा, नेमकी ऐकू येतील पण अर्थ लागणार नाही अशी. आणि लुगड्याची दोरी खोलीच्या दाराजवळ बांधा. आप्पांकडे जाताना प्रत्येक वेळी थोरल्याला ते हातानं बाजूला करावं लागेल.