खापरपणजीचं माहेर शोधतेय, मदत हवी आहे

आमच्या छापील कुलवृत्तांतात (घराण्याच्या इतिहासात) खापरपणजोबांना दीड पान आणि तिला एक ओळ: सासरचं नाव, पुढे 'माहेर गुहागरकडचे'. बस्स! आडनाव नाही, माहेरचं नाव नाही. घरात १८८४ सालचं एक मोडी खत सापडलंय. त्यात तिच्या नावाशेजारी 'निशाणी बांगडी' (सहीऐवजी बांगडीची खूण) आहे, एवढंच मला वाचता आलं.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या वंशावळी लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या वह्या बघायच्या, तर तिथेही आधी आडनाव विचारणार. तेच तर हवंय!

गुहागरकडच्या घराण्यांच्या कुलवृत्तांतांत 'कन्या अमक्यांकडे दिली' अशा नोंदींवरून कुणी उलटा शोध घेतलाय का? सुरुवात कुठून केलीत? आणि खताचा फोटो पाठवला तर मोडी वाचून देणारं कुणी आहे का इथे?