नोकरी सांभाळून स्विंग ट्रेडिंग: स्टॉपलॉस कसा लावायचा?

हिंजवडी_फेज२
बाजार उघडतो तेव्हा आमची मीटिंग चालू असते, त्यामुळे इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) नको. डिलिव्हरीत, म्हणजे डीमॅट खात्यात घेऊन चार-आठ दिवस ठेवायचा विचार आहे. भांडवल १ लाख. एका शेअरमध्ये किती घालावेत? आणि स्क्रीनसमोर न बसता स्टॉपलॉस कसा लावायचा?

कोथरूडकर
आधी स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला ज्या भावाला विकून बाहेर पडायचं तो भाव, ठरवा; किती शेअर घ्यायचे ते त्यावरून निघतं. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्क्याहून, म्हणजे १,००० रुपयांहून जास्त जाऊ देऊ नका. समजा भाव ४१२ आहे आणि चार्टवर सपोर्ट (जिथे भाव घसरायचा थांबतो ती पातळी) ४०२ ला आहे. स्टॉपलॉस जरा खाली, ४०० ला. फरक १२ रुपये. १,००० भागिले १२, म्हणजे ८३ शेअर, साधारण ३४,२०० रुपये. आधी रक्कम ठरवून मग स्टॉपलॉस शोधायला गेलात, तर तो तुमच्या सोयीच्या जागी पडतो.

भाऊ_सदाशिव
साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, बाजार बंद झाला की रद्द. तुम्हाला जीटीटी लागेल, म्हणजे ठरलेला भाव येईपर्यंत दिवसेंदिवस चालू राहणारी ऑर्डर. ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर सुरू होते) ४००, लिमिट (ज्याहून कमी भावाला विकायचं नाही) ३९६ ठेवा. दोन्ही एकच ठेवलं तर भाव झपकन खाली गेल्यावर ऑर्डर लटकते. शेअर थेट ३८५ ला उघडला तर ३९६ ची ऑर्डरही तशीच पडून राहते आणि संध्याकाळी रद्द होते. निकालानंतर भाव असा उघडू शकतो, म्हणून तिमाही निकालाच्या आदल्या दिवशी बाहेर पडलेलं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं, डीडीपीआय (विकताना डीमॅटमधून शेअर काढायची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी) दिलंय का? ते नसेल तर डीमॅटमधले शेअर विकायला त्या दिवशी टीपिन (डीमॅटचा पिन) आणि ओटीपी टाकावा लागतो. तुम्ही मीटिंगमध्ये असताना ट्रिगर लागला तर ऑर्डर रिजेक्ट होते.

हिंजवडी_फेज२
दिलेलं नाही, आजच अर्ज करतो. खर्च किती धरू, भाऊ?

भाऊ_सदाशिव
एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर) खरेदी-विक्री दोन्हींवर ०.१ टक्का, म्हणजे तुमच्या सौद्याला ६८-७० रुपये. स्टँप ड्यूटी ५ रुपये. डीपी चार्ज (डीमॅटमधून शेअर काढण्याचं शुल्क) विक्रीच्या दर दिवशी, दर कंपनीमागे लागतो, त्यामुळे थोडे थोडे रोज विकू नका. नफ्यावर २० टक्के कर आणि वर सेस. नफा मोजताना एसटीटी वजा होत नाही.

कोथरूडकर
एक राहिलं. चाकण-भोसरीच्या छोट्या कंपन्या ओळखीच्या वाटतात, पण ५ टक्क्यांच्या सर्किटमधला (दिवसात भाव ५ टक्क्यांहून जास्त हलू शकत नाही असा) शेअर यासाठी घेऊ नका. लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव खालच्या मर्यादेला टेकला, की घेणाराच नसतो, मग जीटीटी असून उपयोग नाही.