कोकोस कीलिंगला थांबायचं की सरळ रॉड्रिग्ज गाठायचं?

डोलकाठी:
नमस्कार मंडळी, ऑगस्टमध्ये मित्राच्या ३८ फुटी यॉटवर (शिडाची बोट) इंडोनेशियातल्या लोंबोकहून मॉरिशसला निघतोय, आम्ही तिघं, त्यात मी एकटाच मराठी आणि एकटाच शाकाहारी (हसू नका). वाटेत कोकोस कीलिंग बेटं लागतात, तिथून पुढे मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटापर्यंत जवळजवळ २००० सागरी मैल नुसतं पाणी. कॅप्टन म्हणतो थांबायला नको, कागदपत्रांत दिवस जातात. मला मात्र अटोल (कड्यासारखं प्रवाळबेट) बघायचंच आहे. कुणी गेलंय का? किती दिवस ठेवावेत? आणि आईने दिलेली भाजणी, लोणचं, मटकी वगैरे चालतं का तिथे?

गलबत्या:
थांबाच. मी क्रू म्हणून गेलेलो, ११ दिवस राहिलो तरी निघवेना. पण तो ऑस्ट्रेलियाचा भाग आहे, व्हिसा आधी हातात हवा आणि पोचायच्या ९६ तास आधी कळवायचं असतं, जाऊन बघू म्हटलं की पंचाईत. नांगर तिथल्या डिरेक्शन आयलंड बेटाच्या आडोशाला, तिथल्या पिवळ्या बोयाजवळ थांबायचं, पिवळा झेंडा (तपासणी बाकी असल्याची खूण) चढवायचा आणि पोलीस येऊन जाईपर्यंत किनाऱ्यावर पाय ठेवायचा नाही, कस्टमचं कामही पोलीसच बघतात.
मटकी विसरा. आमची अंडी, आलं, लसूण, मध सगळं गेलं, आणि मटकीची पिशवी सामान तपासायला आलेल्या बाईंनी हातात घेऊन विचारलं की हे रुजतं का, मी मूर्खासारखा अभिमानाने म्हटलं हो, फडक्यात बांधलं की रात्रीत मोड येतात. संपला विषय.

शिडातलावारा:
वरच्या मुद्द्यात एक भर. अटोलच्या आत शिरताना ऊन डोक्यावर किंवा पाठीमागून हवं, म्हणजे साधारण १० ते २ मध्येच. प्रवाळाचे खडक पाण्यात तपकिरी दिसतात, वाळू असेल तिथे फिकट पोपटी, हे उन्हाशिवाय कळत नाही, चार्टवर विसंबू नका. एकाने पुढे उभं राहून बघायचं, पोलराइज्ड गॉगल लावून. उशिरा पोचलात तर रात्रभर बाहेर घिरट्या घाला, कंटाळा येईल पण बोट राहील. मी एका दुसऱ्या अटोलवर संध्याकाळी घाईत नांगर टाकला, रात्री वारा फिरला आणि साखळी खडकाला असे वेढे घालून बसली की सकाळी मास्क लावून दीड तास खाली-वर करत सोडवली, गुडघे सोलले ते वेगळंच. वाळूचा तुकडा हेरून तिथेच टाका.
कॅप्टनला सांगा की पुढच्या पल्ल्यात आग्नेयेचा वारा एकीकडून आणि दक्षिणेच्या लाटा दुसरीकडून, बोट सारखी डोलते, शिडं-दोऱ्या तपासायला आणि नीट झोपायला मधे थांबलेलं परवडतं.

एमडनवेडा:
विषयांतर करतो, माफी. १९१४ च्या सप्टेंबरात मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका एमडन माहीत असेलच, तमिळमध्ये खमक्या माणसाला अजून एमडन म्हणतात. तिचे जवळजवळ ५० लोक ९ नोव्हेंबरला याच डिरेक्शन आयलंडवर तारघर मोडायला उतरले, तेवढ्यात ऑस्ट्रेलियन युद्धनौका सिडनी आली, एमडन झोडपली गेली आणि उत्तर कीलिंग बेटाच्या खडकावर चढली. उतरलेले तिथेच अडकले, तर पठ्ठ्यांनी आयेशा नावाचं शिडाचं जहाज पळवून थेट सुमात्रातलं पाडांग गाठलं! जिथे तुम्ही नांगर टाकाल तिथूनच!!

गलबत्या:
हो, आणि तिथल्याच होम आयलंडला नक्की जा, मलाय मुस्लिम वस्ती आहे, नारळाच्या मळ्यांच्या काळात आणलेल्यांचे वंशज, तेव्हा पोहायच्या कपड्यांत गावातून फिरू नका, बोटीवरची बिअर बोटीवरच राहू द्या. घड्याळ भारताच्या फक्त १ तास पुढे, घरी फोन करायला बरं.

क्वात्रबोर्नकर:
मॉरिशसहून. आमच्याकडे आलात की गणपतीच्या सुमारास पोचाल, मराठी वस्ती बरीच आहे, जेवायची काळजी सोडा.

डोलकाठी:
सगळ्यांचे आभार, आयेशाची गोष्ट वाचून कॅप्टन ५ दिवसांना तयार झाला. मटकी वाटेतच संपवतो. लोणचं आणि पापडांचं कुणी सांगेल का?

गलबत्या:
पापड आमचे चालले. लोणच्याची बरणी त्या बाईंनी उघडली, वास घेतला आणि काही न बोलता परत दिली.