इलेक्ट्रिक गाडीतली १२ व्होल्टची बॅटरी बदलताना
साधी, पाणी घालायची बॅटरी स्वस्त पडते, मग तीच का नको, असा प्रश्न पडतो. आधी जुनी बॅटरी कुठे आहे ते बघा. सीटखाली किंवा डिकीत असेल तर साधी अजिबात नको. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो, तो आतच साठू शकतो. तिथे एजीएमच (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली, बंद बॅटरी) घ्या. जुनीला गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असेल तर ती नवीला नीट जोडली का, हे स्वतः वाकून बघा. घाईत ती लोंबतीच राहते. सीसीएच्या (थंडीत इंजिन सुरू करायला बॅटरी किती करंट देते, त्या) आकड्यामागे लागू नका, इलेक्ट्रिक गाडीत इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटरच नाही. अँपिअर-तास (बॅटरीची क्षमता), माप आणि टर्मिनलची बाजू जुळवा. लिथियम मात्र कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केली असेल तरच, कारण तिला चार्जिंगचं व्होल्टेज वेगळं लागतं.