लेंटमध्ये मटण सोडलं, पण पुढे काय? मदत हवी आहे

सर्वांना जय ख्रिस्त. मी कोल्हापुरातला, उद्यमनगरात लेथवर काम करतो.

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारपासून, म्हणजे लेंट या ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, मटण बंद केलं. कोल्हापूरकराला ते किती जड जातं, वेगळं सांगायला नको. रविवार धरले नाहीत तरी ४० दिवस होतात. दिवस निभावले, पण खरं सांगू का, त्या काळात मी घरात जास्तच चिडचिडा झालो होतो आणि ईस्टरला तांबड्या रश्श्यावर तुटून पडलो. घरच्या मंडळींनी सरळ विचारलं, "उपास केलासा, पण बदललं काय?" गप्प बसलो.

तेव्हापासून बायबलातलं, मत्तय ६ मधलं गुपचूप उपास करण्याचं वचन टोचतंय. मी तर कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरलो होतो! यशया ५८ मध्ये तर भुकेल्याला भाकरी वाटणं हाच उपास म्हटलाय.

यंदा मटणाचे पैसे फळीवरच्या चहाच्या डब्यात टाकायचं ठरवलंय. पण ते द्यायचे कुणाला? मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं, रोज अर्धा अध्याय वाचला तर लेंटमध्ये आरामात होईल. एकट्यानं मात्र चौथ्या दिवशी खूण तिथंच राहते, हा अनुभव आहे.

सेकंड शिफ्ट असल्यानं संध्याकाळच्या प्रार्थनेला जमत नाही. सकाळी सातला रंकाळ्यावर कुणी सोबत वाचायला येईल का? आणि रागावर तुम्ही काय उपाय केलात, तेही सांगा.